माहेरचे गहू

आमच्या घरात ‘खपली’ हा शब्द बोलायची चोरी होती. शब्द तसा साधा, एका जातीच्या गव्हाचं नाव. गंगेकाठच्या मळ्यांतून मोटेच्या पाण्यावर हा गहू पिकायचा. मळणी झाली तरी दाण्यावरचं टरफल काही सुटत नाही, जखमेवरच्या खपलीसारखं घट्ट धरून बसतं. त्यावरूनच हे नाव पडलं असावं. पण आपल्या बोलण्यात ‘खपली’ म्हणजे मेली असाही अर्थ होतो. पटकीच्या साथीत इतकी माणसं खपली, असं आमच्याकडे सर्रास म्हणत. माझी पहिली मुलगी गेली तेव्हा सासूबाईंनी दारात आलेल्या शेजारणीला हाच शब्द सांगितला, “खपली गं बाई.” आणि मग त्यांनी स्वतःच तो शब्द घरातून हद्दपार केला. गव्हाला काहीतरी म्हणायला तर हवं, म्हणून त्याचं नाव झालं ‘माहेरचे गहू’.

माहेरचे, कारण ते यायचेच माझ्या माहेराहून. माझं माहेर गंगाखेडजवळ, अगदी गंगेला लागून. गोदावरीला आम्ही कधी गोदावरी म्हटलं नाही, ती गंगाच. सासर जिंतूरकडचं. तिथं ज्वारी, कापूस, तूर, आणि आभाळाकडे बघणं. गहू सणापुरता, तोही कोरडवाहू. लग्न होऊन आले तेव्हा मला पहिले काही महिने काय आठवायचं, तर माहेरच्या मळ्यातला ओलसर वास आणि मोटेची कुरकुर. सासरच्या माणसांना हे सांगितलं असतं तर हसली असती. त्यांना वाटायचं, हिला आईची आठवण येते. आईची यायचीच, पण मोटेची जास्त यायची.

पहिलीचं उष्टावण आम्ही मोठ्या हौसेनं केलं होतं. माहेरची माणसं आली, नणंद आली. सासूबाईंनी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून भरवल्या. नणंदेनं वरणात भाकरी कुस्करली. आईनं आणलेल्या खपलीची खीर केली होती, तिचाही घास झाला. शेजारणीनं कौतुकानं तिळाचा लाडू बोटानं चाटवला. मूल एकच, आणि लाड करणारे इतके. त्यानंतर तिचं पोट जे बिघडलं ते थांबेचना. जिंतूरच्या हकिमांनी पुड्या दिल्या, सासूबाईंनी डाळिंबाची साल उगाळली. पोरगी माझ्या मांडीवर वाळत गेली आणि गेली.

कशानं गेली ते कुणालाच कळलं नाही, कारण सगळ्यांनी सगळं एकाच दिवशी भरवलं होतं. सासरी कुणी उघड बोललं नाही, पण माहेरच्या गव्हाकडे बघण्याची नजर बदलली. माहेरी ज्वारीवर संशय होता. आणि आई कुणालाच काही न बोलता स्वतःला खात होती. तिला वाटायचं, आपल्याच गव्हाचं कुसळ कुठंतरी राहिलं, तेच पोरीच्या आतड्याला लागलं. हे तिनं मला कितीतरी नंतर सांगितलं.

दुसरी मुलगी झाली तेव्हा जगात लढाई चालली होती. आमच्या गावात लढाई म्हणजे काय, तर रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि धान्य इकडचं तिकडं न्यायचं तर नाक्यावर विचारपूस. बाळंतपणानंतर मला हिवतापानं धरलं. ताप गेला, पण अंगावरचं दूध आटत चाललं. शेळीचं दूध पाणी घालून देत होतो, त्यावर पोर कशीबशी तगून होती. उष्टावणाचा महिना आला. सासूबाई बोलल्या नाहीत, मी बोलले नाही. महिना गेला. पोरीचे पाय काड्यांसारखे झाले होते, आणि भूक मात्र डोळ्यांत मावत नव्हती. आम्ही जेवायला बसलो की आमच्या हाताबरोबर तिची मान खाली-वर व्हायची. प्रत्येक घास ताटातून तोंडापर्यंत ती डोळ्यांनी पोचवायची. मला जेवण जात नसे. न भरवावं तर भुकेनं जाईल, भरवावं तर पहिलीसारखी जाईल, आणि मधली वाट काही दिसत नव्हती.

सासूबाई एकदा तिची ती मान बघून ताटावरून उठल्या. हात धुतला आणि म्हणाल्या, “भरवायचं. पन आपल्या मनानं न्हाई. एका बाजारी एकच जिन्नस.”

आमच्या गावाजवळचा बाजार आठवड्याचा. म्हणजे एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत पोरीच्या तोंडात एकच नवी वस्तू जाणार. मानवली तर ठेवायची, नाही मानवली तर सोडायची, आणि दुसरी वस्तू पुढच्या बाजारी. भरवायचं सकाळीच, म्हणजे काही झालंच तर उजेड हाताशी असतो. कोणा पाहुण्यानं, कितीही जवळच्या, पोरीच्या तोंडाला बोट लावायचं नाही. नणंद रुसली. सासूबाईंनी तिला रुसू दिलं. “एकदा लाड करून बगितले,” एवढंच म्हणाल्या.

पहिल्या बाजारी ज्वारीची पेज झाली. दुसऱ्याच दिवशी पोट दगडासारखं टणक झालं, पोर कळवळून रडली. ज्वारी बंद. त्यानंतरच्या बाजारी मुगाचं पाणी. ते मानवलं, पण पाण्यानं कुणाचं पोट भरतं? पोर आणखी हावरट नजरेनं आमच्याकडे बघू लागली. आता काय उरलं होतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघीही त्याचं नाव काढत नव्हतो. शेवटी सासूबाई माझ्याकडे पाठ करून कंदिलाची काच पुसता पुसता म्हणाल्या, “तुज्या आईला सांगावा धाड. म्हनावं, गहू घिऊन ये. पन सोत्ता ये.”

आई आली. येताना गव्हाची पिशवी लुगड्याच्या आत, पोटाशी बांधून आणली होती. नाक्यावर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं ते देव जाणे. अंगणात उखळ होतंच. आईनं दाण्यांवर पाण्याचा हात मारला, ते थोडे दमट होऊ दिले आणि हलक्या हातानं कांडायला घेतले. जोरात कांडलं तर दाणा फुटतो, हळू कांडलं तर टरफल सुटत नाही. सुपात पाखडलं की कोंडा उडायचा आणि लालसर, लांबोडा दाणा खाली उरायचा. एरवी एकदा पाखडलं की झालं. पण त्या दिवशी आईनं पाखडलेलं सूप सासूबाईंनी घेतलं, पुन्हा पाखडलं, आणि मग उन्हात बसून एकेक दाणा तळहातावर घेऊन बघू लागल्या. आई त्यांच्यासमोर बसली आणि तीही बघू लागली. दोन विहिणी आणि एक सूप. लग्नात मानपानावरून याच दोघी कडकडून भांडल्या होत्या.

नंतर ते दाणे दोन-तीन दिवस भिजत घातले, पाणी रोज बदलत. पाट्यावर वाटले, धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून पिळले. खाली पांढरं दूध आलं, ते झाकून ठेवलं. वरचं पाणी ओतून दिल्यावर तळाशी जो साका राहिला तो उन्हात वाळवला. हे गव्हाचं सत्त्व. बोटात घेतलं तर पिठीसारखं लागायचं. कुसळ काय, कुसळाची सावलीसुद्धा त्यात राहिली नसेल. चिमूटभर सत्त्व पाण्यात कालवून आईनं मंद विस्तवावर आटवलं. ना गूळ, ना तूप, ना वेलदोडा.

वाटी निवली. पोर माझ्या मांडीवर. आईनं बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. “तुमी लावा विहीणबाई,” ती म्हणाली.

“म्या न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “तुमचे गहू, तुमीच लावा.”

“माजा हात नगं.”

“मंग माजा कामून?”

पोर वाटीकडे बघत तोंड उघडून बसलेली, आणि ह्या दोघी एकमेकींना वाटी देतायत. मी मुळातच चिडकी. त्या दिवशी इतकी चिडले की भीतीला जागाच उरली नाही. वाटी ओढून घेतली, बोट बुडवलं आणि पोरीच्या ओठावर लावलं. तिनं चाटलं. एक क्षण विचार केला. मग माझं बोट दोन्ही हातांनी धरून चोखायला लागली, आणि सोडेचना. आणखी द्यावं असं फार वाटलं, पण सासूबाईंनी वाटी उचलली. “आज बोटभरच.”

त्या दिवशी सासूबाई शेतात गेल्या नाहीत. पाळण्याशी बसून राहिल्या. पोरीच्या अंगावर पुरळ येतंय का, पोट फुगतंय का, श्वास नीट चालतोय का, सगळं बघत होत्या. दुपटी त्या इतक्या बारकाईनं तपासत की पोलीस पाटलानं चोरीचा पंचनामा काय करावा. दुसऱ्या दिवशी दोन बोटं. मग चमचा. एक बाजार गेला आणि काही झालं नाही. आमच्या आयुष्यात ‘काही झालं नाही’ ही इतकी मोठी गोष्ट असू शकते हे मला तेव्हा कळलं.

आई परत गेली, जाताना सत्त्व कसं करायचं ते पुन्हा पुन्हा सांगून. पोर भरू लागली. मांड्यांना वळ्या पडल्या. पुढं त्यात जरासं तूप पडलं, मग कणभर गूळ, दरेक वस्तू आपापल्या बाजारी. सासूबाई तिला कडेवर घेऊन गल्लीतून मुद्दाम फिरवून आणत. कुणी विचारलं, काय खाऊ घालता, तर म्हणत, “तिच्या माहेरचे गहू.” ऐकणाऱ्याला वाटायचं, पाळण्यातल्या पोरीचं माहेर कुठून आलं.

पिशवी तळाला गेली तेव्हा कापूस वेचणी चालली होती. मधल्या काळात घरचा कोरडवाहू गहू एका बाजारी देऊन बघितला, तर पोरीच्या गालावर लाल चट्टे उठले. म्हणजे पुन्हा खपलीच हवी. आमचे हे कापूस घेऊन परभणीला निघाले होते. मी सांगितलं, गंगाखेडकडं जाणारं कुणी ओळखीचं भेटलं तर माहेरी निरोप द्या. चिठ्ठी लिहून उपयोग नव्हता, माहेरी वाचणारं कुणी नव्हतं. मला स्वतःलाही अक्षर कळत नव्हतं. मी गिरवायला शिकले ते पुढं ह्याच मुलीच्या पाटीवर.

ह्यांना परभणीत गंगाखेडचा एक बांगड्यावाला भेटला. गाडीला उभा होता. ह्यांनी त्याला घरच्या सवयीनं सांगितलं, “म्हनावं, माहेरचे गहू सरले.” त्याला कळेना, कुणाचं माहेर आणि कसले गहू. तोवर गाडीनं शिट्टी दिली. हे ओरडले, “आरं पोरीची खपली, खपली सरली! लवकर या म्हनावं!” बांगड्यावाला मान हलवून डब्यात चढला. एवढं करून आमचे हे मोठ्या समाधानानं घरी आले. मी विचारलं, नीट सांगितलं ना? म्हणाले, “मंग! चांगलं वरडून सांगितलं.”

दोन-चार दिवसांनी सकाळी मी अंगणात पोरीला भरवत होते. भांड्याला लागलेलं शेवटचं सत्त्व पाण्यात खरवडून पेज केली होती. वाटीत जीव नव्हता, नुसतं पांढुरकं पाणी. तेवढ्यात वेशीकडून रडणं ऐकू आलं. आमच्याकडे मयताच्या घरी जाणाऱ्या बाया वेशीपासूनच गळा काढत. म्हटलं, कुणाच्या घरी कोण गेलं? मग आवाज जवळ आला. तो माझ्या आईचा आवाज होता.

मला वाटलं, माझे वडील गेले. दुसरं काय वाटणार? पोरीला काखोटीला मारून मी तशीच वेशीकडे पळाले. बघते तो गल्लीच्या तोंडाशी आई छाती बडवत येतेय आणि तिच्या मागं वडील, चांगले धडधाकट, चालत. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. दुखवट्याच्या घरी सोयऱ्यांनी न्यायचा तो कडू घास. वडील आहेत, आई आहे, मग गेलं कोण? गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून घराघरातून निघायला लागलेल्या. मी ओरडले, “आई, कोण गेलं गं?”

आईनं वर बघितलं. पोर माझ्या कडेवर होती. हनुवटीवर पेज ओघळलेली. एवढा गलका बघून तिला मजा वाटली असावी, कारण ती आजीकडे बघून हसली.

आई मटकन मातीत बसली. वडील पुढं आले, पोरीच्या पायाला हात लावला, जरा दाबून बघितला. “हाय?” त्यांनी मला विचारलं.

“हाय की,” मी म्हटलं. “काय झालं तिला?”

वडील पोरीचा पाय धरूनच उभे. तोवर सासूबाई सूप हातात घेऊनच आल्या होत्या. वडील त्यांना म्हणाले, “बांगड्यावाल्यानं खबर आनली, पोरगी खपली, लवकर या.”

मग सगळ्यांनी, म्हणजे खरोखर सगळ्यांनी, माना वळवून गोठ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे वैरणीचा भारा धरून उभे. म्हणाले, “म्या म्हनलं पोरीची खपली सरली. बराबर तर म्हनलं.” त्यानंतर जन्मभर ह्यांच्या हाती तोंडी निरोप कुणी दिला नाही. साधं हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा मी स्वतः जाऊन करी.

आई अजून मातीतच होती. मी तिच्याजवळ बसले तेव्हा दिसलं, तिच्या उजव्या हातात एक पिशवी आहे. पिशवीचं तोंड तिनं इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी सोडवायला गेले तर सुटेना. “आई, हे काय?” म्हटलं तर तिनंच बघितलं, जणू कुणी दुसऱ्यानं तिच्या हातात दिलंय.

निरोप आला तेव्हा ती ह्या पोरीसाठीच गहू निवडत बसली होती. पिशवी संपत आली असेल ह्या अंदाजानं तिनं ते आधीच कांडून, पाखडून घेतले होते, आणि आता ती एकेक दाणा बघत होती. बांगड्यावाला दारातून बोलला आणि तिला वाटलं, पुन्हा आपलेच गहू. पहिलीला ह्या गव्हांनीच खाल्लं, आता दुसरीलाही. ती पिशवी घरात ठेववेना. टाकून द्यावी तर कोंबड्या खातील, शेजारी नेतील, कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाईल. म्हणून ती गंगेत सोडायची ठरवून घेऊन निघाली. गाडी पुलावर आली. लोक गंगेला नाणी टाकत होते, हात जोडत होते. आईनंही खिडकीतून हात बाहेर काढला.

“मूठ उगडलीच न्हाई गं,” आई मला म्हणाली. “लय केलं. पूल सरला तरी उगडली न्हाई.”

तेव्हा मी रडले. तोवर रडायला सवडच झाली नव्हती.

सासूबाईंनी खाली वाकून आईच्या मुठीवर आपला हात ठेवला. बोटं एकेक करून सोडवली, पिशवी सुपात रिकामी केली. लालसर, लांबोडे, स्वच्छ दाणे. त्यांनी एक उचलून उन्हाकडे धरला, सवयीनं. मग गल्लीत पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या बायांकडे वळून त्या मोठ्यानं म्हणाल्या, “पुसा गं डोळे! पोरगी खपली न्हाई. खपली आलीय!”

स्वतःच्या तोंडून तो शब्द ऐकून त्या दचकल्या. मग हसू लागल्या. आई हसली, बाया हसल्या, आणि पोर तर आधीपासूनच हसत होती. कडू घास बैलांना घातला. आईनं लुगडं खोचलं आणि पाण्याची घागर मागितली, गहू भिजत घालायचे होते. तेवढे दोन-तीन दिवस पोरीनं मुगाच्या पाण्यावर काढले आणि आजीच्या मांडीवरून उतरली नाही. सत्त्व वाळलं, पेज झाली, वाटी निवली, आणि ह्या वेळी बोट आईनं लावलं. कुणाला विचारलं नाही.

आता ती मुलगी स्वतः आजी झाली आहे. आम्ही दोघी गाडीनं गंगाखेडकडं निघालो की पूल येतो, आणि डब्यातली माणसं खिडकीशी गोळा होऊन नाणी टाकतात. तीही पर्स उघडते, एक नाणं माझ्या हातावर ठेवते आणि म्हणते, “टाक की आई.” मी हात बाहेर काढते. खाली गंगा असते. पूल सरतो, आणि नाणं माझ्या मुठीतच असतं.